परातीतला मासा

नोकरीतले खून, दरोडे, दंगली यांचे तपशील आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. एका माशाचा तपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी अमरावतीत एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रात्रीच्या गस्तीचा अहवाल ऐकत होतो, तेवढ्यात पस्तिशीकडे झुकलेला एक तरुण स्टीलची परात घेऊन आत आला. परातीवर ओला पंचा होता. ठाणे अंमलदाराने तो उचलला आणि त्याला हसू आलं. आत दीड वीत लांबीचा लालभडक मासा होता, कपाळावर मोसंबीएवढा उंचवटा, अंगावर काळी नक्षी. मेलेला. परात टेबलावर ठेवून तरुण म्हणाला, "फिर्याद द्यायची आहे."

त्याला परातीसकट माझ्या केबिनमध्ये बसवलं. निवृत्त मुख्याध्यापकांचा हा एकुलता एक मुलगा. पदवीनंतर बरीच वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, वय निघून गेलं. मग शिकवण्या घेऊ लागला आणि त्या काळात हा मासा पाळला. या जातीला फ्लॉवरहॉर्न म्हणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. आणला तेव्हा बोटाच्या पेराएवढा होता. हा दुसऱ्या माशाला जगू देत नाही, म्हणून त्याला काचेच्या पेटीत एकट्यालाच ठेवायचं. रोज थोडं पाणी बदलायचं, रंग चढावा म्हणून सुकवलेली कोळंबी घालायची, पर पसरावेत म्हणून काचेला आरसा लावायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो पेटीत बर्फाच्या बाटल्या सोडायचा. घरातल्या इतरांना चावणारा मासा याच्या बोटाला मात्र कपाळ घासायचा. मागच्या प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला होता. आता नागपूरला जायचं होतं. प्रवासासाठी जाड पिशवी आणि थर्मोकोलची पेटी आणायला तो अकोल्याला गेला, आणि परत आला तेव्हा मासा आडवा पडलेला होता.

"कोणावर संशय?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

त्याने परातीवर पंचा पुन्हा ओढला. मग म्हणाला, "अज्ञात लिहा."

प्राण्याला मारून नुकसान केल्याचा गुन्हा दाखल केला. घरी जाऊन पंचनामा केला. दाराचं कुलूप, कडी, खिडक्या जागच्या जागी होत्या. पेटीतलं पाणी बाटलीत भरून पंचांसमक्ष सील केलं, ते आणि मासा तपासणीसाठी पशुवैद्यकांकडे पाठवलं. मुख्याध्यापकांनी पंचांना खुर्च्या दिल्या. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शेजाऱ्यांचे जबाब घेतले, कोणी काही पाहिलेलं नव्हतं.

मुलाच्या मित्रांनी अकोल्याच्या एका शौकीन माणसाचं नाव सांगितलं. प्रदर्शनात त्याचा मासा दरवेळी मागे पडायचा. नोटीस देऊन त्याला बोलावलं. मी त्याची कसून चौकशी केली. हेवा असलेला माणूस बोलताना कुठेतरी मेलेल्याचे दोष काढतो, हा माझा अनुभव. हा मात्र त्या माशाचं कौतुकच करत राहिला. "साहेब, त्याची पिल्लं मले पाहिजे होती. त्याचा मालक हो म्हणला होता. मी त्याले काहून मारीन?" घटनेच्या दिवशी तो चुलतभावाच्या लग्नात होता. फोटो होते, साक्षीदार होते. त्याला सोडून दिलं.

पशुवैद्यकांचा अहवाल आला: कल्ले जळालेले, पाण्यात क्लोरीन भरमसाट. म्हणजे कोणीतरी पाण्यात ब्लीचिंग पावडर ओतली होती.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता, अगदी हळू. "बाहिर शोधू नका, साहेब. घरातच पाहा." फोन बंद झाला. हवालदाराने नंबर पडताळला आणि माझ्याकडे पाहिलं. फिर्यादीत मुलाने घरचा म्हणून दिलेला तोच नंबर होता. फोन आईने केला होता.

मी साध्या कपड्यांत एकटाच त्यांच्या घरी गेलो. मुलगा शिकवणीला गेला होता. मुख्याध्यापक पुढच्या खोलीत बसले होते, समोर रिकामी पेटी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "सर, हौदात ब्लीचिंग पावडर शेवटची कधी टाकली?"

ते म्हणाले, "हौदात नाही टाकली."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. वर्गात धडा समजावून सांगावा तसं त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलीकडचे लोक यायचे, चहा घ्यायचे, नोकरीचं विचारायचे, आणि मुलगा त्यांना मासा दाखवायचा. पुन्हा कोणी यायचं नाही. ज्या गावात त्यांनी दुसऱ्यांची मुलं घडवली, तिथे लोक त्यांच्या मुलाला 'मासेवाला' म्हणू लागले होते. मासा गेला की तो मोकळा होईल, कामाला लागेल, असं त्यांना वाटलं.

"तो माशाशी बोलायचा," ते म्हणाले. "माझ्याशी त्याला बोलून किती काळ झाला, मला आठवत नाही."

त्यांनी एकच विनंती केली: मुलाला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका. मी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी दोघांना ठाण्यात बोलावलं. लेखनिकाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. वडिलांनी सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही.

मुलगा चिडेल, अंगावर जाईल, म्हणून मी खुर्ची पुढे ओढून बसलो होतो. त्याची गरज पडली नाही.

"मले माहीत होतं, बाबा," तो म्हणाला. "अकोल्याहून आलो तवा तुमी मले पाणी दिलं. तुमच्या हाताले पावडरीचा वास होता."

मी विचारलं, मग फिर्याद कशाला दिली?

तो माझ्याकडे वळलाच नाही. वडिलांकडे बघत म्हणाला, "मले वाटलं, ठाण्याचं नाव काढलं का तुमी सोताहून सांगसान. रोज रात्री जेवताना वाट पाहिली. अकोल्याच्या त्या गरिबाले बोलावलं हे मी ताटावर सांगितलं, तवाही तुमी जेवत रायले."

मुख्याध्यापकांनी हात जोडले. मुलाने ते धरले आणि खाली ठेवले. त्याला कारवाई नको होती. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली, कागदोपत्री प्रकरण मिटलं. सही करून तो ठाण्यातून निघाला तो घरी गेला नाही. पुण्याकडे एका गोदामात कामाला लागल्याचं नंतर कळलं. वडिलांच्या आग्रहावरून मी त्याला फोन केला. तो नम्रपणे बोलला, माझी तब्येत विचारली, आणि म्हणाला, "साहेब, मी बरा आहो. त्यायले सांगा, राग नाही माह्या मनात." मग तो नंबर लागेनासा झाला. राग असता तर कधीतरी तो उतरला असता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

ठाण्यात येणाऱ्या फिर्यादीला आरोपी सापडायला हवा असतो, असं धरून आम्ही कामाला लागतो. या तपासाने मला शिकवलं की काहींना तो आधीच ठाऊक असतो. त्यांना कायदा नको असतो, आरोपीच्या तोंडून एक वाक्य हवं असतं. ते वेळेत आलं नाही, तर पोलिसांनी वदवून घेतलेल्या कबुलीचा कोणाला उपयोग होत नाही. माझ्या दप्तरी हा गुन्हा उघडकीस आलेल्यांत जमा आहे.

निवृत्तीनंतर कौंडण्यपूरच्या यात्रेत त्या मुलाच्या आई भेटल्या. एकट्याच होत्या. मुख्याध्यापक आता घराबाहेर पडत नाहीत, म्हणाल्या. मुलाचा पत्ता नव्हता. प्रसादाची पुडी माझ्या हातावर ठेवून त्यांनी विचारलं, "मी तो फोन केला नसता, तं पोरगं घरी रायलं असतं का, साहेब?"

उभ्या आयुष्यात मी लोकांना प्रश्न विचारले. त्यांच्या या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. "माहीत नाही," म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि गर्दीत निघून गेल्या.