कॅमेरा गुंडाप्पाच्या घराकडंच वळायचा

आधीच सांगून टाकतो – माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची नाही, आणि अमावस्या कधी येते-जाते हे मला कॅलेंडर बघितल्याशिवाय कळत नाही. धाराशिवला माझं कॅमेरे आणि ड्रोन दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, लग्नसराईत शूटिंगही करतो. वस्तू बिघडली की तिला कारण असतं, ते सापडेपर्यंत स्क्रू खोलत राहायचं, एवढंच मला कळतं. भुताखेतांचे असले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचो. आज मीच लिहायला बसलोय... हसायचं तर हसा.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. भागवत माझा जुना मित्र, एसटीत कंडक्टर. त्याचं गाव लोहारा तालुक्यात. गाव म्हणजे खरं तर दोन – एक आत्ताचं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. आणि दुसरं जुनं, त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं, तिथून दोन-एक किलोमीटरवर. तिथं आता वेड्या बाभळी आणि दगड एवढंच उरलंय.

भागवतच्या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर मेंढरं राखलेली. लकव्यानं डावी बाजू गेली, तेव्हापासून खुर्चीवर. एक दिवस त्यांनी हट्ट धरला – जुनं घर एकदा बघायचंय. त्या काट्याकुट्यात खुर्ची कशी न्यायची? म्हणून भागवत माझ्याकडं आला.

"भाऊ, वेशीपासून आमच्या दारापर्यंत चालत जाऊन व्हिडिओ काढ. तात्यांना आपणच चालल्यागत वाटलं पाहिजे. हलायला नको बघ."

हलायला नको म्हणजे गिंबल आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – हा एक दांडा असतो, वर कॅमेरा बसवायचा. तीन मोटरा त्याला तिन्ही बाजूंनी सावरतात, म्हणून आपण खड्ड्यातून चाललो तरी चित्र संथ येतं. माझं गिंबल दोन वर्षं जुनं, पण हातातलं. आदल्याच आठवड्यात दोन लग्नं केली होती त्याच्यावर.

सकाळी नऊला आम्ही मोटरसायकलवर जुन्या गावाकडं निघालो. वाटेत भागवत बोलायला लागला. भूकंप झाला ती गणपती विसर्जनाची रात्र. तो दहा वर्षांचा. मिरवणूक सोडून तात्यांबरोबर रानात मेंढरांपाशी जावं लागलं म्हणून तो रडत गेला होता.

"त्यानंच वाचलो," तो म्हणाला. "आई घरातच सापडली. सुमी... माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. ती सापडलीच न्हाय. सगळा ढिगारा उपसला. तात्या मिलिटरीवाल्यांच्या मागं मागं आठ दिवस फिरत होते – माझी पोर कुठंय, माझी पोर कुठंय."

एवढ्या वर्षांच्या ओळखीत हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

वेशीतल्या मारुतीच्या कट्ट्यावर मी गिंबल जुळवलं, लॉक मोडला टाकलं. या मोडमध्ये कॅमेरा ज्या दिशेला धरला त्याच दिशेला बघत राहतो, हात कसाही फिरवा. चालायला लागलो. भागवत पुढं, काटे बाजूला करत. त्याचं घर गल्लीच्या टोकाला. त्याच्या अलीकडं वीस-पंचवीस पावलांवर, उजव्या हाताला दगडांचा एक ढीग होता, त्यावर तरवड माजलेला. तिथं आलो आणि कॅमेरा हळूहळू उजवीकडं वळला. मग खाली वाकला. मोटर घुं-घुं करायला लागली, मोबाइलच्या अ‍ॅपवर ओव्हरलोडचा इशारा आला.

असं होतं. कॅमेऱ्याची प्लेट सरकली, तोल गेला, की मोटर दमते. कट्ट्यावर परत आलो. प्लेटचा स्क्रू – घट्ट. लेन्स तीच, झूम नाही. तरी तिन्ही अक्षांवर पुन्हा तोल साधला, सपाट दगडावर ठेवून कॅलिब्रेशन केलं. डांबरी रस्त्यावर पाच मिनिटं चालून बघितलं – लोण्यासारखं. पुन्हा गल्लीत शिरलो. त्याच ढिगापाशी पुन्हा उजवीकडं, पुन्हा खाली.

"मोटर जाया लागलीय वाटतं," मी म्हणालो. पॅनची, म्हणजे कॅमेरा डावी-उजवीकडं फिरवणारी मोटर एका बाजूला खेचत असेल, असा माझा अंदाज. तो पडताळायला मी उलटा चाललो – घराकडून वेशीकडं. आता ढीग डाव्या हाताला.

कॅमेरा डावीकडं वळला.

मी तिथंच उभा राहिलो. मोटर बिघडली की कॅमेऱ्याला एका बाजूला नेते, कधी डाव्या, कधी उजव्या. हा कॅमेरा बाजू बदलत होता, जागा तीच ठेवत होता. मग मी बाभळीतून वाट काढत ढिगाच्या मागं गेलो, तोंड दुसरीकडं करून उभा राहिलो. कॅमेरा अर्धा फेरा घेऊन माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागला.

भागवतनं विचारलं, "काय झालं रं?" मी गिंबल बंद केलं.

इथं नीट समजून घ्या. बंद गिंबलमध्ये मोटरांना वीज नसते. तोल बरोबर असेल तर कॅमेरा जसा ठेवाल तसा राहतो. वारा किंवा धक्का लागल्याशिवाय हलत नाही. वारा नव्हता. मी भागवतच्या घराच्या जोत्याकडं लेन्स करून दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला. दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग माझ्या मनगटांना वजन जाणवलं... थोडंसंच. लहान पोर बोट धरून ओढतं ना, तेवढं. आणि बंद मोटरांवर कॅमेरा वळला, ढिगाकडं, आणि खाली वाकला.

भागवतनंही बघितलं होतं. कॅमेरा काढून हातात धरला, कसंबसं त्याच्या घराचं जोतं, उंबऱ्याचा दगड शूट केला, आणि निघालो.

दुपारी तात्यांसमोर लॅपटॉप ठेवला. हातानं काढलेलाच व्हिडिओ दाखवायचं ठरलं होतं. उंबऱ्याचा दगड बघून तात्यांनी मान हलवली. ती क्लिप संपली आणि पुढची आपोआप सुरू झाली – बिघडलेली, सकाळची पहिली. मी बंद करायला हात पुढं केला.

"थांब," तात्या म्हणाले. "हे गुंडाप्पाचं घर हाय."

"तात्या, ते मशीन बिघडलं होतं," मी म्हणालो.

"दुसरं दाव."

मी सगळ्या क्लिप दाखवल्या. प्रत्येकीत चित्र हळू वळत त्याच ढिगावर येऊन थांबत होतं. चौथी बघून तात्या म्हणाले, "सुमी तिथं होती."

भागवत खेकसला, "तात्या, काईबी काय बोलता!"

"गुंडाप्पाची लक्ष्मी न् सुमी येका वर्गातल्या. इसर्जन बघून दोगी तिथंच निजल्या आसतील. आमी आमचंच घर उपसत बसलो रं..."

त्यांच्याच गल्लीतला गुंडाप्पा आणि त्याची लेक भूकंपातच गेली. बायको काशीबाई जखमी होती, तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून तिचा भाऊ आपल्या गावी, भूमकडं, घेऊन गेला. ती परत कधी आलीच नाही. भागवतनं चार ठिकाणी फोन करून तासाभरात तिच्या भाच्याचा नंबर मिळवला. स्पीकरवर लावला.

"काशे, म्या बोलतोय. सुमीचा बाप."

पलीकडं आधी नुसता श्वास ऐकू आला. "तात्या? तुमी व्हय? किती वर्सांनी..."

"त्या राती सुमी तुझ्याकडं होती का गं?"

"मला त्या रातीचं काईच आठवत न्हाय, तात्या. डोक्याला मार होता." ती थांबली. "पर दवाखान्यात एक मानूस आलता. परगावचा, गावात मदतीला आलेला. त्यो म्हनला, बाई, तुमच्या दोनी पोरींला येकाच सरनावर दिलं. म्या म्हनलं, ह्यो दुसऱ्याच कुनाचं सांगतोय. मला तर येकच लेक. मागनं इचारावं तर... गावच राह्यलं न्हवतं. कुनाला इचारनार?"

भागवत भिंतीला टेकून खाली बसला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी येकटी न्हवती."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीपर्यंत जीप नेली आणि पुढं काटे तोडत गावातल्या चौघांनी खुर्चीसकट तात्यांना उचलून त्या ढिगापाशी नेलं. खणायचं कुणाच्या मनातही आलं नाही, खणून मिळणार तरी काय? तात्यांनी मला शूट करायला सांगितलं. मी गिंबल लावलं. तात्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "सुमे! आपलं नवं घर तिकडं हाय. चल."

गिंबल तासभर चाललं. तात्यांवर धरलेला कॅमेरा ढिगाकडं तसूभरही वळला नाही.

परतताना जीपमध्ये तात्यांना झोप लागली, मान भागवतच्या खांद्यावर. भागवत मला हळूच म्हणाला, "दिवसाचं झोपलेलं म्या यांना कधी बघितलं न्हवतं."

दुकानात आल्यावर मी ते गिंबल शेवटच्या स्क्रूपर्यंत खोललं. तिन्ही मोटरा ठीक, सेन्सर ठीक, केबल जागच्या जागी. पुण्याला ओळखीच्या कारागिराकडं पाठवलं, त्यानंही 'फॉल्ट नाही' म्हणून परत केलं. जमिनीत लोखंड असेल, तात्यांनी नुसता अंदाज केला असेल, तो मदतीला आलेला माणूस खरंच चुकला असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. बंद मोटरांवर मनगटांना जाणवलेलं ते वजन यातल्या कशातच बसत नाही.

भागवत अजून अधूनमधून दुकानात येतो. चहा पिता पिता विचारतो, "भाऊ, त्या मशीनला नेमकं काय झालं होतं?"

मी म्हणतो, "केबल सैल होती."

तो "बरं" म्हणतो. केबल सैल नव्हती, हे त्यालाही माहीत आहे.