शनिवारी घेतलेला दुधाचा तास

माझा स्वभाव तापट आणि आवाज मोठा. शिक्षिकेला दोन्ही लागतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शेवगावच्या पुढे एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. घर नगरला, पण रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून गावातच एक खोली घेतली आहे.

त्या वर्षी तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. पाठांतर नको, मुलांना विचार करायला शिकवा, हातानं करून बघू द्या, असं तीन दिवस ऐकलं आणि माझ्या अंगातच आलं. घनतेचा धडा या वर्षी फळ्यावर शिकवायचा नाही, हे मी परतीच्या एस.टी.तच ठरवून टाकलं. गावात घरटी गाई, मग घनता दुधावरच शिकवू की! डेअरीवर आता मशीन आलंय, त्यामुळे जुनं लॅक्टोमीटर तिथे कपाटात पडून होतं. ते मागायला गेले. काचेची नळी, खाली जड फुगा, वर बारीक आकडे. दुधात सोडलं की तरंगतं. दूध पातळ असेल तर जास्त बुडतं आणि आकडा कमी दिसतो. त्या आकड्याला गावात सगळे डिग्री म्हणतात.

डेअरीवाले काका ते फडक्यात गुंडाळून देता देता काहीतरी सांगत होते. मी घाईत होते. म्हटलं, "काका, मी विज्ञानाचीच बाई आहे हो, मला येतं सगळं." ते नुसते हसले.

नववीच्या मुलांना सांगितलं, शनिवारी प्रत्येकानं घरचं दूध आणायचं. शनिवारी सकाळची शाळा. थंडीचे दिवस, मुलं वस्त्यांवरून सायकलीनं, पायी, नाकं लाल करून आली. कुणी बाटलीत दूध आणलं, कुणी डब्यात. वर्गात नुसता गोंधळ, आणि मला तो गोंधळ फार आवडला होता. म्हटलं, याला म्हणतात शिकवणं!

एक मुलगी सगळ्यांत शेवटी आली. तिचं घर शाळेच्या कुंपणाला लागून, त्यामुळे ती नेहमी घंटा झाली की पळत यायची. बोलायला कमी, पण वही सुबक. तिच्या आईच्या दोन गाई. बाई स्वतः धारा काढायची आणि गावातल्या सात-आठ घरी रतीब घालायची. त्यात माझंही घर होतं. मुलीनं किटली टेबलावर ठेवली.

बाकीच्यांचे आकडे लागले एकोणतीस, तीस, एकाचा तर एकतीस. हिचा आला पंचवीस. मी नळी पुसून परत सोडली. पंचवीसच! आणि मग मी जे बोलले ते आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"अगं, हे तर माझ्याच रतिबाचं दूध! म्हणजे वर्षभर मी पाणीच पितेय होय?"

वर्ग खो खो हसला. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आई पानी घालत न्हाई."

मी म्हणाले, "यंत्राला आई-बाप नसतात. यंत्र खोटं बोलत नाही."

वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात तो हाच, असं मला तेव्हा वाटलं. वाक्य चांगलं सुचलं म्हणून मी दिवसभर खूशही होते. ती खाली बसली. सुट्टी झाल्यावर किटली तशीच टेबलावर राहिली होती.

रविवारी दुपारी तिची आई माझ्या दारात उभी. मी "या ताई" म्हटलं, पण ती आत आली नाही.

"मॅडम, माझ्या दुधात पानी हाय म्हनून तुमी भर वर्गात सांगितलं. कालच्याला दोन घरांनी रतीब बंद केला. त्याचं काय, दुसरी घरं गावतील. पन पोरगी जेवत न्हाई. म्हनती, आता शाळंत जानार न्हाई, समदी पानीवाली म्हनत्यात. आन माझं नाव गेलं ते कुठनं आनू मी?"

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला.

"उद्या पहाटं या. माझ्या दारात बसा, धार काढताना डोळ्यानं बघा. तुमचं यंत्र बी आना."

तिथल्या तिथे माफी मागायला हवी होती. पण माझा ताठा! "येते की," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

सोमवारी झुंजुमुंजूला शाळेतलं उंच मोजपात्र आणि लॅक्टोमीटर पिशवीत घालून मी त्यांच्या गोठ्यात गेले. आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, आधी मी बादली उलटी करून बघितली. बाईनं कास धुतली, पुसली, बादली परत माझ्यापुढे धरली. कोरडी ठणठणीत. मग धार काढली. मी हातभर अंतरावर बसलेले, मध्ये डोळाही मिटला नाही. वाफाळतं दूध मोजपात्रात ओतलं, फेस काढला, नळी सोडली.

पंचवीस.

माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं दूध आणि यंत्र म्हणतंय पाणी. बाई कमरेवर हात ठेवून उभी. "आता बोला!" मी पुटपुटले, चाऱ्याचं काही असेल, यंत्र जुनं आहे. यंत्राचे आई-बाप मला एकदम आठवायला लागले होते. बाईनं "च्या ठेवते" म्हटलं आणि आत गेली. एवढं होऊनही चहा!

मुलगी आतापर्यंत दाराच्या आड होती. ती बाहेर आली आणि मोजपात्राजवळ उकिडवी बसली. चहा व्हायला वेळ लागला. प्यायला आणखी थोडा. तिनं हाक मारली.

"मॅडम, वर आलंय. सत्तावीसच्या पुढं."

मी बघितलं. खरंच की! दुधाला कुणी हात लावला नव्हता.

"गार झालं म्हनून असंल का?" ती म्हणाली.

तसं नसतं, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. गेली कित्येक वर्षं ते मुलांच्या प्रश्नांवर आपोआपच येतात. त्या दिवशी मी ते गिळले. गरम झालं की पदार्थ फुगतो, पातळ होतो, हे मी दरवर्षी शिकवते. परीक्षेत विचारतेही. शनिवारी बाकीच्यांचं दूध थंडीतून तास-दीड तास प्रवास करून आलेलं आणि हिचं थेट कासेखालून, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"तेच आहे!" मी उठलेच. "चल शाळेत, सगळ्यांना सांगू."

"थांबा की मॅडम," ती म्हणाली. "परत गरम करून बघू. खाली गेलं तर खरं."

प्रशिक्षण मी घेतलं होतं, बरं का. विचार मात्र ही मुलगी करत होती. तिनं तेच दूध तांब्यात ओतून तांब्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला, कोमट झाल्यावर दूध मोजपात्रात ओतलं. नळी पुन्हा खाली उतरली. आई चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिला घनता कळली की नाही माहीत नाही, पण लेक कशाच्या मागे आहे ते कळलं. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मलाही रडू आलं.

त्याच दिवशी नववीपुढे मी उभी राहिले. "शनिवारी मी चुकले. यांच्या दुधात पाणी नव्हतं. मी दूध गरम आहे की गार, ते बघितलंच नाही." मग प्रयोग तिनं करून दाखवला. शनिवारी हसलेली पोरं माना पुढे काढून बघत होती.

संध्याकाळी रतीब तोडलेल्या दोन्ही घरी मी मुलीला घेऊन गेले. पहिल्या घरच्या आजींनी ऐकून घेतलं आणि "उद्यापास्नं घाल बाई" म्हणाल्या. दुसऱ्या घरची सून दारातच म्हणाली, "मॅडम, तुमीच म्हनला हुता ना, यंत्र खोटं बोलत न्हाई?"

मुलगीच पुढे होऊन म्हणाली, "यंत्र खरंच बोललं व्हतं, काकी. मॅडमनी ताप बघितला नव्हता."

त्या घरचा रतीब पुन्हा सुरू झाला नाही. मी दोनदा परत जाऊन आले. एकदा बोललेलं परत घेता येत नाही, हे मी तिथे शिकले.

लॅक्टोमीटर परत द्यायला गेले तेव्हा डेअरीवाले काका म्हणाले, "धारोष्ण दुधाला डिग्री लावत्यात व्हय मॅडम? मी त्या दिवशी त्येच सांगत हुतो, आधी निवू द्या म्हनून. तुमी थांबल्याच न्हाई."

वर्षाच्या शेवटी प्रयोगवह्या तपासायला आल्या. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं, मी भराभर सह्या करत होते. तिच्या वहीत दक्षता या मथळ्याखाली सुबक अक्षरात दोन वाक्यं होती.

'मोजण्याआधी दूध निवू द्यावे. मोजून झाल्याशिवाय कोणाच्या आईला बोलू नये.'

मी लाल पेनानं खाली सही केली.