बाबांचा नंबर आणि दिगामे

मी लिहायला बसलो, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात पेन हातात घेतात ते सही करायला किंवा अर्ज भरायला. स्पॅनिशही मी जेमतेम दीड वर्ष शिकलो आहे, तेव्हा त्या भाषेबद्दल काही सांगण्याचा अधिकार माझा नाही. घडलं तेवढं लिहितो.

कॉलेज सुटल्यावर दुपारी आमचा वर्ग असे. पहिलं सत्र बरं गेलं. दुसऱ्या सत्रात क्रियापदांना सर्वनामं चिकटू लागली आणि मी अडखळायला लागलो. आपण 'ते मला दे' म्हणतो. तीन शब्द सुटे, मध्ये श्वास घ्यायला जागा असते. तिकडे 'दामेलो'. दे, मला, ते, सगळं एका दमात. आदराने मागायचं तर 'देमेलो'. आणि देऊ नको म्हणायचं झालं की तीच सर्वनामं उठून क्रियापदाच्या आधी येऊन बसतात: 'नो मे लो देस'. वहीत हे मला जमायचं. बोलताना मात्र आधी 'मे' की आधी 'लो' हे मनात ठरेपर्यंत समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असे.

त्यातच शहरातल्या एका कंपनीला परदेशी ग्राहकांचे फोन घ्यायला स्पॅनिश बोलणारी मुलं हवी होती. लेखी परीक्षेत मी पास झालो. पुढची फेरी फोनवर, आणि फोन कधीही येईल म्हणाले. बाबा मनीषनगरातल्या एका इमारतीच्या गेटवर पहारेकरी आहेत. त्याआधी उमरेडला हातमागावर बसायचे. गुडघे तिथेच गेले. मला नोकरी लागली की गेट सोडायचं, असं घरात ठरलं होतं. हे ठरलेलं मला रोज आठवायचं.

वर्गात शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, फोनवर सराव करा. मी कोणाला फोन करणार? हुडकेश्वरच्या आमच्या खोलीतून गेटवर बसलेल्या बाबांनाच लावायचो. तिकडे फोन उचलून 'दिगामे' म्हणतात, म्हणजे 'सांगा मला'. तेवढं मी बाबांना शिकवलं होतं.

“दिगामे,” बाबा म्हणायचे, आणि लगेच, “बोल लवकर, गाडी येऊन राहिली.”

“एक्स्प्लिकामेलो.”

“म्हणजे?”

“ते मला समजावून सांग.”

“मले समजलं असतं तं गेटवर काहून बसलो असतो गा?”

आई चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी उभी राहून हे सगळं स्पीकरवर ऐकायची. “बापलेक दोघंही येडे झाले,” म्हणायची.

तीन आठवडे झाले, फोन आला नाही. आंघोळीला जाताना मी फोन खिडकीत ठेवायचो, आवाज पूर्ण वाढवून. वर्गातल्या दोघांना फोन येऊन गेले, एक तर कामावर रुजूही झाला. माझं लेखी चुकून पास झालं असेल, ते त्यांच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटू लागलं.

एका सकाळी चहा पिताना बाबा सहज म्हणाले, “आजकाल हे ओटीपीवाले लय फोन करून राहिले. एक बाई तं दोनदा. मी आपलं दिगामे म्हटलं, तं तिनं तोंडाचा पट्टाच सुरू केला. काही समजेना. कापला फोन. मंग ब्लॉकच करून टाकला.”

मी कप खाली ठेवला आणि कंपनीच्या अर्जाची प्रत काढून पाहिली. शाळेचा दाखला, शिष्यवृत्ती, प्रवेश, कुठलाही अर्ज असो, 'संपर्क क्रमांक' दिसला की माझा हात बाबांचा नंबर लिहितो. कित्येक वर्षं घरात तेवढाच फोन होता. या अर्जावरही हाताने तेच केलं होतं.

“माहा नंबर काहून देला गा?” बाबा एवढंच म्हणाले. चहा त्यांनीही संपवला नाही.

बाबांनी ब्लॉक केलेल्या त्या नंबरवर मी फोन केला. कंपनीतल्या बाई म्हणाल्या, “तुमची चाचणी झाली आहे. तुम्ही 'दिगामे' स्पष्ट म्हणालात. पुढे काहीच बोलला नाहीत, आणि फोन ठेवलात.”

ते माझे बाबा होते, हे मी त्यांना सांगितलं. हसल्या असतील कदाचित. विचारून बघते म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी माझ्या नंबरवर चाचणी घेतली. मी एकदा 'मे'च्या आधी 'लो' म्हणालो, दुरुस्त केलं, आणि दुरुस्त करताना पुढचा प्रश्नच विसरलो. कळवू, असं त्या म्हणाल्या. नंबर बदलून घ्या, असं मी सांगितलं होतं. नोंदीत मात्र जुनाच राहिला असावा.

बाबांनी कंपनीचा तो नंबर ब्लॉकमधून काढला होता. आठ दिवस दोघांपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही. सरावाचे फोनही मी बंद केले.

नवव्या दुपारी बाबांचाच फोन आला. ड्युटीवर असताना ते कधी फोन करत नाहीत.

“त्या बाईचा फोन आल्ता. मी दिगामे म्हटलं. ह्या खेपेले कापला नाही. गेटवर दोन गाड्या हॉर्न देऊन राहिल्या होत्या, देऊ देले. मंग ते हिंदीतच बोलली. रजिस्टरात लिहून घेतलं मी. वाचू?”

“वाचा ना, बाबा.”

पान उलटल्याचा आवाज आला.

“सोमवार. साडेनऊ. आधार कार्ड, मार्कशीट आणायची.” बाबा थांबले. “घेतलं म्हणे तुले.”