तानाजीचं तोंड आणि युवराजदादांचं मंडळ

आमच्या नेकनूरच्या पंचक्रोशीत लग्न लागतं ते भटजीमुळे आणि लांबतं ते तानाजीमुळे. मुहूर्त दुपारचा, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना घामाघूम, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता भिजलेल्या, आणि तानाजी मायकवर सांगतोय की या मंगलप्रसंगी सोसायटीचे माजी चेअरमन आले आहेत, त्यांनी मंचावर यावं. मग उपसरपंच. मग उपसरपंचांचे मेहुणे. मग भावी सरपंच. आमच्याकडे भावी माणसं फार. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवत नाही, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरतही नाही. तानाजीकडून नाव कधी राहिलं नाही. आवाज असा की जनरेटर बंद पडला तरी मागच्या पंगतीला ऐकू जावा.

माझा धंदा फ्लेक्सचा. मी माणसांचे फोटो मोठे करायचे आणि त्याने नावं मोठी करायची, त्यामुळे आमचं जमायचं. माझ्या दुकानात बसूनच तो पाहुण्यांची नावं घोकायचा. घोकता घोकता पुडी फोडायचा. गुटखा आपल्या राज्यात बंद आहे. म्हणजे टपरीवर मागताना आवाज थोडा खाली घ्यायचा, इतकंच. तानाजी गालात पुडी धरूनच मायकवर बोलायचा, आणि त्याचं कौतुकही व्हायचं. तोबरा भरून इतकं स्वच्छ बोलणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, असं लोक म्हणायचे.

मग एका लग्नात त्याच्या तोंडात लाडू जाईना. लोक हसले. त्याने लाडू कुस्करून खाल्ला. घरी त्याची बायको उज्ज्वला बघत होती की हा माणूस भाकरी दुधात चुरून गिळतोय, मिरचीच्या वासानेही डोळ्यांतून पाणी काढतोय. तिनेच त्याला बळजबरीने बीडला नेलं. डॉक्टरने सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. दीड गेलं. आतली कातडी ताठ झाली होती. आजपासून बंद, डॉक्टर म्हणाला, नाहीतर तोंडच बंद होईल, आणि त्याच्या पुढं काय होतं ते तुम्ही गावात बघितलं असेलच.

गावात आम्ही बघितलं होतं. बसमधून उतरून तो सरळ माझ्या दुकानात आला.

"पाशाभाई, माझं तोंड मिटायलंय," तो म्हणाला.

मी त्याची चेष्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी चेष्टा जमली नाही. भीती वाटली. ज्याचं पोट तोंडावर आणि ज्याची ऐटही तोंडावरच, त्याला दुसरं काय उरणार?

ही गोष्ट एकट्याने निस्तरायची होती. पण आमच्या गावात एकट्याने काही करणं हा अपमान समजतात. दुसऱ्या दिवशी सटवाच्या हॉटेलात बैठक बसली. सटवा म्हणजे हॉटेलवाला, भजी तळता तळता तंबाखू मळणारा. राधाकिशन काका म्हणजे गावातले जाणते शेतकरी. यांची तंबाखूची डबी चांदीची, सासऱ्याने लग्नात दिलेली. आणि युवराजदादा म्हणजे युवा नेते. मी दुकान टाकलं तेव्हाही ते युवा नेतेच होते, आजही मी तोच फोटो वापरतो.

"तान्या, तू एकटा न्हाईस," दादा म्हणाले. "तुझ्यासाठी आमी समदे सोडतो. आजपासून."

तानाजी रडला. मलाही ते बरं वाटलं, खोटं का बोलू. मित्रासाठी माणूस इतकं करतो म्हणजे काय साधी गोष्ट आहे? पण संध्याकाळच्या आत त्या साध्या गोष्टीचं मंडळ झालं. युवराजदादा अध्यक्ष, काका मार्गदर्शक, सटवा खजिनदार. फ्लेक्सवर दादा कमरेपर्यंत, हात जोडलेले, काका खांद्यापर्यंत, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो तानाजी खालच्या रांगेत, बिल्ल्याएवढ्या गोलात. मी म्हटलं, याचा जरा मोठा घेऊ का? दादा म्हणाले, बॅलन्स जाईल.

मग गुटख्याची होळी. ती करायची तर गुटखा हवा, आणि सगळ्यांच्या खिशांत मिळून मूठभर पुड्या निघाल्या. एवढ्याने फोटो भरेना. तेव्हा टपरीवरून पोतंभर माल आणला, आणि समाजकार्यासाठी भाव कमी लावला म्हणून टपरीवाल्याचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माल पेटला. त्या धुराकडे तोंड करून मंडळी जितके लांब श्वास घेत होती, तितके मी त्यांना योगदिनालाही घेताना पाहिलं नाही.

मंडळाचा एकच नियम होता. तलफ आली की दुसऱ्या सभासदाला फोन करायचा. त्याने हातातलं काम टाकून यायचं, आणि तलफ जाईपर्यंत सोबत बसायचं. कल्पना उत्तम होती. फक्त ती करणाऱ्यांना आपली रीत आठवली नाही. आमच्याकडे तंबाखू मळणाऱ्याने शेजारच्यापुढे हात केल्याशिवाय बार भरायचा नाही, आणि पुढे आलेल्या हाताला शेजारच्याने नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की मनात काहीतरी आहे असा अर्थ होतो. दोन भावांचा बांधावरचा वाद चालू असला तरी चिमूट चालू राहते.

तर सटवाला तलफ आली, त्याने काकांना फोन केला. काका आले, सोबत बसले. बसल्या बसल्या सटवाला राहवेना, त्याने कोपऱ्यातली पुडी काढली, मळली, आणि सवयीने काकांपुढे हात केला.

"मग काय करू?" काका मला नंतर सांगत होते, गालात बार ठेवून. "त्याला एकट्याला पाप लागू द्यावं व्हय? आर्धं आपण घ्यावं."

याच सद्भावनेने आठवड्याभरात मंडळ पाण्यात गेलं. दादांना तलफ आली की सटवा धावत जायचा, आणि दोघे एकमेकांचं पाप वाटून घ्यायचे. पूर्वी प्रत्येकजण आपापल्या तलफेला खायचा. आता दुसऱ्याच्या तलफेलाही खाणं आलं. खप वाढला. तानाजीचा फोन आला की मात्र तिघेही चुळा भरून, बडीशेप खाऊन जायचे, आणि त्याच्याजवळ साधूसारखे बसायचे.

खायला जागा कुठली, तर माझं दुकान, कारण तानाजी दुपारी घरी असे. मी म्हटलं, "मी त्याला सांगणार."

"सांग की," काका म्हणाले. "आमच्याकडं बघून तग धरलाय त्यानं. कळलं तर तो बी खाईल. मग जा उज्ज्वलाभाभीला तोंड दाखवाया."

त्या दिवसापासून मी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढू लागलो.

इकडे तानाजी खरोखर लढत होता. कुल्फीच्या काड्या दातांत एकावर एक रचायच्या आणि रोज एखादी वाढवायची, असा व्यायाम डॉक्टरने दिला होता. काडी घुसवताना तो ओरडायचा, उज्ज्वला पाठ फिरवायची आणि पाठ फिरवूनच "आनखी एक" म्हणायची. मुलगी तेजश्री बारावीची, ती अभ्यास सोडून बर्फ आणून द्यायची. तलफ अनावर झाली की तो म्हणायचा, काकांनी आख्ख्या हयातीची तंबाखू सोडली, मग मला काय धाड भरलीय? ते ऐकून मला काकांची मान मुरगाळावीशी वाटे. हळूहळू दोन बोटं जाऊ लागली. मग तिसरं टेकायला लागलं. ज्या दिवशी त्याने आख्खी भाकरी मोडून, ठेच्याबरोबर खाल्ली त्या दिवशी उज्ज्वलाने शेजारीपाजारी पेढे वाटले.

ही बातमी दादांपर्यंत गेली. निवडणूक तोंडावर आलेली. लगेच भव्य सत्कार सोहळा ठरला, मारुतीच्या पारासमोर मांडव. सत्कार कुणाचा? मंडळाचा. तानाजी मायकवर.

त्या संध्याकाळी तानाजी इतका सुंदर बोलला की माझ्याही अंगावर काटा आला. प्रत्येक अक्षर सुटं. त्याने सगळ्यांची नावं घेतली, पदव्यांसकट, आणि मग कागद खाली ठेवला.

"ह्या तीन माणसांनी माझ्यासाठी सवय मोडली," तो म्हणाला. "मला औषध दिलं डॉक्टरनं, पर धीर दिला ह्यांनी. माझी एक इच्छा हाय. डॉक्टरनं माझी घेतली तशी परीक्षा आज तुमच्यासमोर द्यावी त्यांनी. आधी मी देतो."

त्याने तोंड उघडलं आणि तीन बोटं उभी घातली. टाळ्या पडल्या. मग त्याने अत्यंत आदराने मायक काकांपुढे धरला.

"काका, दोन शब्द बोला, आन् उघडा."

काका म्हणाले, "म्म."

सत्कार उशिरापर्यंत चालणार म्हणून काकांनी मघाशीच बार भरला होता. त्यांनी हनुवटी वर केली, हात हलवला, डोळ्यांनी आशीर्वाद दिला. तानाजीला वाटलं काका गहिवरले. त्याने मायक सटवापुढे नेला. सटवाही गहिवरलेला. दादांपुढे नेला, तर ज्यांना मायकपासून दूर करायला दोन माणसं लागतात ते युवा नेते मायककडे बघून मान खाली घालत होते.

बायकांच्या बाजूने पहिलं हसू आलं. मग काकांच्या बायको, केशरबाई काकू, उभ्या राहिल्या. "उघडा की वो! घरात तर मिटत न्हाई!" मांडव कोसळायचा तेवढा बाकी राहिला. काका घाईने मांडवामागे गेले आणि पिचकारीचा आवाज मायकने सगळ्या गावाला ऐकवला.

तानाजी हसला नाही. तो दादांकडे बघत होता. "कवापासून?" त्याने विचारलं. मायक चालूच होता. दादा गळ्यातला हार नीट करू लागले. त्याने मायक खुर्चीवर ठेवला आणि घरी निघून गेला. राहिलेल्या पाहुण्यांची नावं राहिलीच.

त्यानंतर कुणाला शरम वाटली असेल असं वाटत असेल तर तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही. पंधरवड्यात ठरलं की चूक तानाजीची. चारचौघांत असं करतात व्हय? एवढा जीव लावला, त्याचं हे फळ! दादांनी शब्द टाकला आणि लग्नांच्या सुपाऱ्या दुसऱ्याला जाऊ लागल्या. तो नवा माणूस आवाजाने बरा होता आणि गालात पुडी धरून होता. तानाजीचं तोंड उघडलं आणि मायक गेला. तो रोज माझ्या दुकानात येऊन गप्प बसायचा. मला त्याच्या जिभेची नाही, हातांची काळजी वाटायची, ते कधी पुडीकडे जातील याची.

एकदा काका आले. बराच वेळ बसले, मग सवयीने तंबाखू मळली आणि तानाजीपुढे हात केला. "घे बे एक चिमूट. राग जाईल."

तानाजी त्या हाताकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो.

"काका," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या जिवावर सोडलीवती, तवा लई जड गेलं. आता तुमच्यावरच्या रागानं सोडलीय. सोपं जायलंय." आणि त्याने काकांची मूठ आपल्या हाताने बंद केली.

निवडणूक झाली. दादा पडले, हे सांगायला नकोच. ते भावीच राहिले. महिन्याभराने एका दुपारी ते दुकानात आले. गाडी लांब लावलेली, सोबत कुणी नाही. मला वाटलं फ्लेक्स हवा असेल. पण ते तानाजीसमोर स्टुलावर बसले.

"तान्या, बायकूनं पाणीपुरी आणलीवती काल," ते म्हणाले. "जाईना बे. आख्खी जाईना."

तानाजीने त्यांना हाकलायचं ठरवलं असतं तर मी अडवलं नसतं. तो उठला, हात धुऊन आला.

"आ करा."

एक बोट गेलं. दुसरं दातावर अडलं. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या सकाळी बीडला जाऊ. मी येतो संगं," तानाजी म्हणाला. "मंडळ न्हाई, सत्कार न्हाई. काका न्हाई, सटवा न्हाई. तुमी आन् मी."

दादांनी मान हलवली. डोळे पुसले. मग केसांवरून हात फिरवला.

"एक फोटू तरी काढू या की," ते माझ्याकडे बघून म्हणाले.

तानाजीने कुल्फीच्या काड्यांचा गठ्ठा खिशातून काढला, आणि त्यातली पहिली त्यांच्या दातांमध्ये घुसवली.