सीतादहीचं मुकं शूटिंग

आमच्या फुलसावंगीकडे कापसाची पहिली वेचणी सीतादहीशिवाय सुरू होत नाही. झाडाखाली मांडलेल्या दगडांना दहीभात दाखवायचा, बायांनी गाणं म्हणायचं, मगच बोंडाला हात लावायचा. बोंडअळीच्या वर्षीही आम्ही ते चुकवलं नाही. वेचायला फार काही नव्हतं म्हणा, पण दही होतं आणि माझी धाकटी जाऊ होती. गाणं तिचं. चाल जुनी, ओळी दरसाली नव्या. त्या साली तिनं अळीलाच पाहुणी करून पार धुऊन काढलं होतं.

तिची लेक सासरहून, उमरखेडहून आली होती. ती मोबाइलवर शूटिंग करत होती. तेवढ्यात धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन थांबला. डेकवर सिनेमाचं गाणं, कान फाटतील असं.

जाऊ गाता गाता वळली. "काहून बोंबलून राह्यला रे तुहा डबा? बंद कर!"

"काकू, तुमीच वाढवा ना आवाज!" तो हसला.

"मंग आयक," म्हणाली, आणि अशी गायली की ट्रॅक्टर हरला. खरंच सांगते.

उन्हाळ्यात जाऊ गेली. दुखणं म्हणावं असं काही नाही, चुलीपुढे बसल्या बसल्या गेली. लेकीनं ते शूटिंग इंटरनेटवर चढवलं. तिथं ठेवलं की हरवत नाही म्हणे. पुढे तो मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला, सगळं त्यातलं गेलं, तरी आम्ही निर्धास्त.

मग एक दिवस तिचा रडत फोन. "मोठीमाय, आईचा आवाज बंद केला वं त्यायनं."

कोणी? तर माणूस कोणीच नाही. गाण्याच्या कंपन्यांनी चोरी पकडायला मशीन बसवलंय, ते सगळ्यांचं ऐकत बसतं. त्याला ट्रॅक्टरवरचं गाणं ओळखू आलं. चोरीचा माल समजून त्यानं सगळाच आवाज पुसला. तक्रार असेल तर तुमचा हक्क सांगा, असं खाली लिहिलं होतं. पोरीनं लिहिलं, गाणारी माझी आई आहे. लगेच नामंजूर.

पुसदच्या मोबाइलवाल्यानंही हात वर केले. "कोनाले फोन लावता, मावशी? तिकडं मानूसच नाही."

मला भांडता येतं हो, गावाला विचारा. पण भांडायला समोर तोंड तर पाहिजे!

यंदाच्या सीतादहीला पोर आली. दहीभात ठेवला, बाया उभ्या राहिल्या. चाल सगळ्यांना येते, ओळी कोणालाच येत नाहीत. तिनं नवा मोबाइल माझ्यापुढे धरला. "मोठीमाय, तोंडाकडं पाह्य ना. काय म्हणून राह्यली आई?"

जावेचे ओठ हलत होते. एका जागी ती वळली, तेवढं मला कळलं.

"इथं ट्रॅक्टरवाल्याले झापून राह्यली."

पोर हसली. "अन् मंग?"

मंग तर ती गायली होती. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. अळीचं काहीतरी आहे. पुढचं मला येत नाही.