राहीबाईच्या पोटावरचा डाग

नवऱ्याचं नाव बायकूनं घ्यू न्हाई म्हंत्यात. मी घेते. धुळा! जत भागात मेंढरं राखनारा, हाताचा लय जड आन डोक्यानं त्याहून. मेंढरू आजारलं की इळा तापवून डाग द्यायचा. मानसाला कावीळ झाली तरी त्योच डाग. दोन-चार मानसं बरी झाली, तर गडी सोताला वैद्यच समजाय लागला.

त्र्याण्णव साली त्येची धाकटी भन राहीबाई पिवळी पडली. चार पावलं चालली की धाप लागायची. तिचा नवरा नाथाजी म्हनला, "हिला सांगलीला न्यू." धुळानं त्येच्या डोस्क्यात काठी घातली. कानावरनं रगात गळलं. मी मधी पडले तर माज्या पेकाटात लाथ! चौघांनी राहीला भुईला दाबून धरली आन ह्या मुडद्यानं तिच्या पोटावर लालभडक इळा टेकवला. कातडं चरचरलं. ती वरडली न्हाई, हंबरली.

कावीळ उतरायची सोडून वाढली. ती बेसुद पडली, तवा कुटं जीपमधी घालून सांगलीचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रगात तपासलं. "ही लिव्हरची कावीळ नाही," त्या म्हनल्या. "हिच्या तांबड्या पेशींवर हिच्याच शरीरानं प्रतिपिंडांचा थर चढवलाय. राखणीच्या पेशी त्या थराला घट्ट धरतात आणि अख्खी तांबडी पेशी गिळून टाकतात."

"म्हंजी राखनीची कुत्रीच मेंढरं फाडाय लागली?" धुळा म्हनला.

"तसंच. गोळ्यांनी कुत्री थंड पडतील. पण मग जंतूंच्या लांडग्याला कोण अडवणार?" बाईंनी राहीची चादर बाजूला केली. डाग पिकला हुता, पू येत हुता. "हा कुणी दिला?"

धुळानं चादर परत डागावर वढली.

गोळ्या लागू पडल्या. राहीच्या डोळ्यांतला पिवळेपना गेला, रगात टिकाय लागलं, मला "वयनी, भाकरी दे" म्हनली. देवा, किती आनंद झाला मला! पर डागाचं ईख अंगात भिनत चाललं हुतं. ताप चढला, पोट काळं पडलं. बाईंनी लय झटापट केली. राही गेली.

नाथाजी व्हरांड्यातच धुळाच्या अंगावर धावला. पयल्याच ठोशात धुळाचा दात पडला. धुळानं हात उचलला न्हाई.

"मार, नाथाजी," त्यो म्हनला. "कावीळ उतरली हुती रं तिची. मीच मारली."

नाथाजीनं तोंड फुटंस्तवर मारलं. मी सोडवाय गेले न्हाई.