शिशाची राख चाटलेली कालवड

मी अकोल्याला जठारपेठेत राहते. माझ्या मामांचं शेत चांदूर बाजारजवळ आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "कालवड भिंतीले डोकं लावून उभी राहून राहिली. दात खाऊन राहिली. तिले दिसत नाई, बाई."

मी पोचले तेव्हा गुरांचे डॉक्टर आलेले होते. त्यांनी तिच्या डोळ्यांपुढे झपकन हात नेला. पापणी लवली नाही. डोळे मात्र स्वच्छ, काळेभोर.

"डोळे चांगले आहेत. शिशाचं विष मेंदूत गेलंय," डॉक्टर म्हणाले. "इथं कुणी जुन्या बॅटऱ्या फोडतं का?"

नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोडत होते. मी न् मामा तिकडे गेलो. मोठ्या कढईत शिसं वितळत होतं. एकानं वरची मळी बाजूला सारली आणि खाली लख्ख आरसा उघडला. छपराचे पत्रे त्यात थरथरताना दिसले. क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले. ती मळी आणि राख मागं नाल्याच्या काठावर ओतत. तिथं खुरांचे ठसे उमटले होते.

"हे चाटलं काय तिनं?" मामा म्हणाले. "काहून चाटलं असंन?"

गुरांना त्या राखेची चव आवडते, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी शिरेतून औषध सुरू केलं. ते रक्तातलं शिसं पकडून मुतावाटे बाहेर काढतं म्हणे. नजर येईलच, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मामा तिच्यापुढे बोलत चालायचे आणि त्या आवाजामागं ती हौदापर्यंत यायची.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा सकाळी गोठ्यासमोर एक बगळा उतरला. कालवडीची मान त्याच्याकडं वळली. बगळा उडाला, तशी मान वर उचलली गेली. मामा हातात बादली घेऊन जागच्या जागी थांबले.

"पाह्यलं काय तू?"

"पाह्यलं, मामा."



गावानं ओरड केल्यावर ते शेड बंद पडलं. राख पोत्यांत भरून नेली, तरी मामांनी काठावर बोराटीचं कुंपण घातलंय. कालवड आता गाभण आहे. शिसं हाडांत दडून बसतं आणि दुधात उतरू शकतं, म्हणून दूध आधी तपासायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.